साडेअठरा बोटे

आम्ही दोघे भाऊ, आणि आमच्या चार हातांना मिळून बोटे साडेअठरा. कोणाची किती ते येथे लिहायचे नाही असे आमच्यात ठरले आहे. ओळखीच्या मंडळींना ते ठाऊकच आहे. इतरांनी पुढच्या एखाद्या लग्नात शालोम करताना मोजून घ्यावे. आमचा जन्म मुंबईचा. १९६६ साली आईवडिलांबरोबर आम्ही इस्राएलात आलो तेव्हा थोरला १६ वर्षांचा आणि धाकटा १३ वर्षांचा होता. बेरशेबात वाढलो, दोघेही सुतारकामात शिरलो, आणि आता दोघेही पेन्शनीत आहोत. आम्हाला कानावर पेन्सिल ठेवायची सवय आहे, कागदावर चालवायची नाही. तेव्हा वाचक बंधुभगिनींनी भाषा सांभाळून घ्यावी.

लिहिण्याचे निमित्त असे. आमचा नातू लष्करातून सुटून आला आणि एका शाबाथला जेवता जेवता म्हणाला, "सबा, मला कॅरम बोर्ड करायचा आहे." त्याला आम्ही दोघेही सबाच. आम्ही म्हटले, "विकत मिळतो की." तो म्हणाला, "विकत नको. करायचा आहे. मशीन आहे, तुम्ही आहात." आता वाचकांना सांगायला नको की कॅरम हा आमच्या लोकांचा किती जिव्हाळ्याचा विषय. आमच्या घरातला मुंबईचा बोर्ड नेगेवच्या कोरड्या हवेत दोन उन्हाळ्यांतच पापडासारखा वाकला होता, आणि त्यावर सोंगटी सरळ मारली तरी ती खिशाऐवजी वहिनीच्या बाजूला जात असे. वहिनी सतत जिंकत असे. तेव्हा नवा बोर्ड हवाच होता. पण पोराने "मशीन आहे" म्हटल्याबरोबर आम्ही दोघांनीही ताटाकडे पाहिले, एकमेकांकडे नाही.

मशीन म्हणजे टेबल-सॉ. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी टेबलाच्या मधून गोल करवतीचे पाते वर आलेले असते, आणि लाकूड त्याच्याकडे ढकलायचे असते. हातकरवतीत करवत हलते आणि लाकूड स्थिर राहते, येथे उलट. आमच्या मशीनचे पाते २५ सेंटिमीटर व्यासाचे आहे आणि मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेते. हिशेब केला तर त्याचा प्रत्येक दात ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने फिरत असतो. तेल अवीवच्या हमरस्त्यावर कोणी मोटारीतून हात बाहेर काढत नाही, येथे मात्र माणसे रोज त्याहून वेगवान वस्तूच्या दोन बोटे अंतरावर हात ठेवून काम करतात आणि वर म्हणतात, "आपला हात बसलेला आहे."

आमचाही बसलेला होता. १९८३ च्या जानेवारीतली गोष्ट. येथे सुताराच्या कारखान्याला नगरिया म्हणतात आणि सुताराला नगार. (आमची आई नवीन आली तेव्हा "पोरे नगार झाली" हे ऐकून तिने विचारले होते, "कोणाच्या लग्नात वाजवणार?") शहरातल्या एका नगरियात आम्ही दोघे कामाला होतो. शुक्रवार होता, दुपारी लवकर बंद करायचे होते, आणि स्वयंपाकघराच्या कपाटांना लावायच्या बीच लाकडाच्या, येथल्या सुतारांच्या तोंडी 'बूक'च्या, पट्ट्या कापायच्या होत्या. पट्टी एक सेंटिमीटर रुंद. पात्यावरचे झाकण महिनोन्‌महिने खिळ्याला टांगलेले होते, कारण त्याच्यामुळे रेघ दिसत नाही. पात्यामागची पाचर-पट्टी कोठे होती ते कोणालाच ठाऊक नव्हते. पात्याला समांतर जी आधारपट्टी असते, जिला फेन्स म्हणतात, ती पात्यापासून एक सेंटिमीटरवर लावलेली. म्हणजे अंगठ्याहून अरुंद गल्ली, आणि त्या गल्लीतून लाकूड पुढे ढकलायचे. यासाठी एक ढकलकाठी असते, टोकाला खाच पाडलेली साधी काठी. ती रोज मशीनच्या कडेला असे. त्या दिवशी नव्हती. शेवटचीच पट्टी होती.

काय झाले ते अर्ध्या श्वासाचे काम. पट्टी पात्यात आणि फेन्समध्ये अडकली, उचलली गेली आणि मागे सुटली. भिंतीच्या प्लास्टरमध्ये तिचे टोक घुसले. तिला ढकलणाऱ्या हाताखालचे लाकूड गेले, पण हाताचा जोर राहिला, आणि हात पुढे पडला. एक बोट आणि अर्धा अंगठा. डॉक्टरांनी जे वाचवता आले ते वाचवले. आई बरेच दिवस बोलली नाही, आणि मग एलियाहू हन्नाबीचा नवस फेडायला तिने मलिदा केला, तेव्हा सगळ्या आळीला बोलावले.

लाकूड असे उलटे का फिरते ते पुष्कळ जुन्या सुतारांनाही सांगता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पात्याचे पुढचे दात, म्हणजे आपल्याकडचे, वरून खाली येतात. ते लाकडाला टेबलावर दाबून धरतात. तेवढे पाते आपले मित्र. पण त्याच पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. लाकूड जरा तिरके झाले, किंवा कापलेली चीर मिटून तिने पात्याला मागून चिमटा काढला, की ते मागचे दात लाकडाला वर उचलतात आणि पात्याच्या माथ्यावरून आपल्या दिशेने फेकतात. याला किकबॅक म्हणतात. यावर उपाय म्हणून पात्याच्या मागे, दातांपासून आठ मिलिमीटरच्या आत, एक पोलादी पट्टी उभी असते, इंग्रजीत रिव्हिंग नाइफ. ती पात्याच्या पत्र्याहून जाड आणि पडणाऱ्या चिरेहून पातळ असते. चीर मिटू लागली तर ती पट्टीवर मिटते, दातांवर नाही. इतकी साधी गोष्ट, आणि बहुतेक ठिकाणी हीच पहिल्यांदा काढून टाकलेली असते.

त्यानंतर आम्ही दोघांनीही काम सोडले नाही. पोट होते. पण स्वतःच्या घरात असले मशीन आणायचे नाही हे न बोलता ठरले होते. पेन्शनीत गेल्यावर मात्र हात शिवशिवू लागले. २०१९ साली एक नगरिया बंद होत होती, तेथून आम्ही एक जुने मशीन घेतले आणि अंगणातल्या मखसानमध्ये आणून ठेवले. विकणाऱ्याने झाकण आणि ती पाचर-पट्टी एका खोक्यात घालून दिली. दोन्ही अगदी नवीकोरी. मशीन वीस वर्षांचे, आणि त्या वस्तूंना बोटाचा डागही नव्हता.

वहिनीने मशीन पाहिले, खोके पाहिले, आणि मखसानला कुलूप लावून किल्ली आपल्याकडे ठेवली. म्हणाली, "भावोजी, तुम्ही मशीन आणा नाहीतर हत्ती आणा. पण त्या पात्याजवळ हात न्यायची गरजच पडणार नाही अशी सोय आधी करा. केली की दाखवा. मग किल्ली." तिला आम्ही खूप समजावले की आता आम्ही सावधपणे काम करू. तिने विचारले, "त्या शुक्रवारी काय झोपेत होतात?"

खरे तर तिचे म्हणणे आमच्या वडिलांचेच होते. वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांच्या सुतारकामावर होते. तेथे बाकांच्या पट्ट्या शेकड्याने कराव्या लागत, आणि प्रत्येक पट्टीला स्क्रूची भोके एकाच जागी. वडील पट्टी मोजत बसत नसत. ते एकदा फर्मा करीत, भोके पाडलेली एक कडक लाकडाची फळी. ती पट्टीवर बसवायची आणि सामता चालवायचा. वर्कशॉपातले साहेब त्याला जिग म्हणत. वडील म्हणत, सकाळी डोके ताजे असते तेव्हा फर्मा करावा, म्हणजे दुपारी डोके दमले तरी काम दमत नाही. आम्ही ते मापासाठी ऐकले होते. बोटांसाठीही ते लागू आहे हे कळायला साडेअठरा बोटे व्हावी लागली.

तर महिनाभर आम्ही अंगणात बसून फर्मे केले, हातकरवतीने, कारण किल्ली मिळत नव्हती. शेजारी विचारीत, आत मशीन असताना हे दोघे म्हातारे बाहेर घाम का गाळतात?

पहिली केली ती ढकलकाठी. पण साधी काठी नव्हे. खाचेची काठी लाकडाला फक्त मागून रेटते, वरून दाबत नाही. मग लाकडाचे पुढचे टोक उचलले जाऊ शकते. आम्ही १८ मिलिमीटरच्या बर्च प्लायवुडचा एक लांबट बूट केला, ३० सेंटिमीटर लांब, रंध्यासारखी मूठ असलेला. त्याचा तळवा लाकडावर टेकतो आणि मागे सात-आठ मिलिमीटरची टाच खाली उतरते, ती लाकडाला पुढे नेते. प्लायवुडच घ्यावे, कारण साध्या लाकडाची टाच रेषेत फुटून निघते. या बुटाचा तळवा पात्याने थोडाथोडा खाल्ला जातो. खाऊ द्यावा, तो त्यासाठीच आहे, आणि दुसरा करायला अर्धा तास लागतो. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याची सूचना आहे की कापाचे शेवटचे ३० सेंटिमीटर हाताने ढकलू नयेत. आमच्या मशीनच्या टेबलावर आम्ही तेवढ्या अंतरावर तांबडी रेघ मारून ठेवली आहे. लाकडाचे मागचे टोक रेघेपाशी आले की हात सुटतो आणि बूट येतो.

दुसरी फणी. हे नाव वहिनीचे. बूकची आठ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी, तिचे एक टोक तिरके, ६० अंशात कापावे आणि त्या टोकाला लांबीच्या दिशेने सहा-सहा मिलिमीटरवर चिरा पाडाव्यात, सुमारे सहा सेंटिमीटर खोल. फणीचे दात तयार होतात आणि ते जरा लवचीक असतात. ही फणी टेबलाला शिकंज्याने अशी आवळायची की तिचे तिरके दात लाकडाला फेन्सवर दाबतील. लाकूड पुढे जाते, मागे यायला लागले तर दात अडतात. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवावी: फणी पात्याच्या अलीकडे लावायची, पात्याच्या शेजारी किंवा पलीकडे कधीही नाही. तेथे लावली तर ती कापलेली चीर मिटवते, आणि ज्या भुताला घालवायचे त्यालाच पाट मांडून बोलावल्यासारखे होते.

बारीक पट्ट्यांसाठी, म्हणजे ज्या कामाने आमची बोटे नेली त्यासाठी, आम्ही पद्धतच उलटी केली. बारीक पट्टी फेन्स आणि पात्याच्या गल्लीत ठेवायचीच नाही. रुंद फळी फेन्सच्या बाजूला, आणि बारीक पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला गळून पडेल अशी. मग तिला अडकायला जागाच उरत नाही. पण प्रत्येक पट्टी सारखी कशी यावी? त्यासाठी पात्याच्या डाव्या हाताला, अलीकडे, एक लाकडी ठोकळा आवळायचा आणि त्याच्या टोकाला एक स्क्रू ठेवायचा. स्क्रूचे डोके पात्यापासून हव्या त्या जाडीवर. दर कापाला फळी स्क्रूला टेके इतका फेन्स सरकवायचा, बंद करायचा, कापायचे. वेळ लागतो. नगरियात कोणी इतका वेळ देणार नाही असे पूर्वी आम्हीही म्हणालो असतो. आता हिशेब करतो की बारा पट्ट्यांना आठ मिनिटे जास्त लागतात.

पण खरी मेहनत चौथ्या फर्म्यावर गेली. त्याला आम्ही सरकता पाट म्हणतो. लाकूड आडवे कापताना हाताने टेबलावर धरून ढकलणे धोक्याचे, आणि लांबी मोजायला फेन्सला टेकवून कापणे त्याहून धोक्याचे, कारण कापलेला तुकडा पात्यात आणि फेन्समध्ये कोंडला जातो. सरकत्या पाटावर लाकूड ठेवले की ते स्थिर, आणि पाटच पात्यावरून पुढे जातो. तळाला १२ मिलिमीटरचे प्लायवुड, सुमारे ६० बाय ८० सेंटिमीटरचे. त्याच्या पोटाखाली टेबलाच्या दोन खाचांत सरकणाऱ्या बूकच्या दोन पट्ट्या. या पट्ट्या खाचेत हलता कामा नयेत आणि अडकताही कामा नयेत. आम्ही त्यांना मेणबत्ती घासली. पुढे आणि मागे एकेक उभी भक्कम फळी, नाहीतर पाते पाटाचे दोन तुकडे करील.

मागची फळी पात्याशी काटकोनात हवी. गुण्या लावून पाहिले तर बरोबर वाटते, पण पहिल्यांदा गुण्याचाच गुण्या पाहावा: सरळ कडेला लावून रेघ ओढावी, मग गुण्या पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एक झाल्या तर गुण्या खरा. वडिलांचा गुण्या आम्ही मुंबईहून आणला होता, तो खरा निघाला. दुकानातून घेतलेला नवा नाही.

तरीही गुण्यावर न थांबता आम्ही पाच कापांची परीक्षा केली. एक चौरस फळी घ्यावी. एक कड कापावी, ती कापलेली कड मागच्या फळीला टेकवून पुढची कड कापावी, असे चारही बाजू. मग पाचव्या कापाला पहिल्याच बाजूची बारीक चीप काढावी. चूक प्रत्येक वळणाला वाढत गेलेली असते, म्हणून त्या चिपेच्या दोन टोकांच्या जाडीतला फरक चारने भागला की मागची फळी किती तिरकी आहे ते कळते. आमच्या ४० सेंटिमीटरच्या चिपेत पहिल्या खेपेला दोन मिलिमीटरचा फरक आला, म्हणजे एका कापाला अर्धा मिलिमीटर. फळीचा एक स्क्रू पक्का आणि दुसरा ढिला ठेवून ती केसभर सरकवली. चौथ्या खेपेला फरक दिसेना.

आणि या पाटाचा एक धोका आहे तो कोणी सांगत नाही. कापाच्या शेवटी पाते मागच्या फळीतून आपल्या बाजूला बाहेर येते. नेमके तेथेच माणूस फळीला दोन्ही अंगठे गुंडाळून धरतो. म्हणून तेथे फळीच्या मागे एक जाड ठोकळा सरसाने चिकटवावा, दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा, म्हणजे पाते त्याच्या पोटातच राहते. स्क्रू मात्र पात्याच्या वाटेत मारू नये. शिवाय पाट ठरावीक अंतरापुढे जाऊच नये म्हणून टेबलाला अडसर लावावा. आमच्यापैकी ज्याचा अंगठा अर्धा आहे त्याने तो ठोकळा स्वतः चिकटवला, आणि एकाऐवजी दोन चिकटवले.

सगळे झाल्यावर एकाने सुचवले की सर्व फर्मे नारिंगी रंगाने रंगवावेत, प्रत्येकाला भोक पाडावे आणि भिंतीवर ज्याचा त्याचा खिळा असावा. दुसऱ्याने "कशाला?" असे विचारले नाही. वहिनीने सगळे हातात घेऊन पाहिले आणि किल्ली दिली.

येथे एक गोष्ट नमूद करतो. अमेरिकेत सॉ-स्टॉप नावाचे मशीन २००४ पासून मिळते. त्याच्या पात्याला बोटाचा स्पर्श झाला की विजेच्या संकेतातला फरक ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाते पाच मिलिसेकंदांच्या आत थांबते. पाते आणि ठोकळा दोन्ही वाया जातात, बोटाला ओरखडा येतो. ज्याला परवडेल त्याने खुशाल घ्यावे. आम्ही हेवा करू. पण उलटे फेकलेले लाकूड ते थांबवीत नाही, आणि बूट, फणी नि पाट त्या मशीनलाही हवेतच.

आता कॅरम. त्याचे खेळण्याचे अंगण ७४ सेंटिमीटर चौरस, खिसे साडेचार सेंटिमीटरला थोडे कमी, आणि भोवतीची चौकट आम्ही सात सेंटिमीटर रुंद घेतली. म्हणजे चौकटीची प्रत्येक पट्टी बाहेरून ८८ सेंटिमीटर आणि दोन्ही टोके ४५ अंशात. ऐकायला सोपे आहे. चार पट्ट्या, आठ काप. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक झाली तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंश जमा होतात आणि सात सेंटिमीटरच्या रुंदीत जवळजवळ पाच मिलिमीटरची फट पडते. सोंगटी त्या फटीत जाऊन बसेल.

यासाठी नातवाकडून आम्ही वेगळा सरकता पाट करून घेतला, त्यावर दोन फळ्या पाचरीसारख्या, मधोमध पात्याच्या रेषेत टोक जुळलेल्या. त्या दोन फळ्यांमधला कोन खरा ९० अंश असला की बाकीचे सांभाळून जाते. एका बाजूला ४४ आणि दुसऱ्या बाजूला ४६ झाले तरी डावीकडची कापलेली पट्टी उजवीकडच्या पट्टीला भेटली की बेरीज ९०. पोराला हे कळले तेव्हा तो इतका हसला की त्याला वाटले आम्ही जादू दाखवली. भूमितीच्या परीक्षेला हे कोणी सांगितले नाही, म्हणाला. लांबीसाठी पाटालाच ठोकळा लावला, खालची कड तासलेला, म्हणजे भुसा साचून पट्टी अर्धा मिलिमीटर आखूड पडत नाही.

पहिला काप करायच्या आधी आम्ही त्याला मशीनच्या डाव्या अंगाला उभे केले, पात्याच्या रेषेत नाही. हातमोजे काढायला लावले, कारण दात कापड पकडतात आणि हात ओढून नेतात. पाते लाकडाच्या जेमतेम वर येईल इतकेच चढवले. पाचर-पट्टी जागेवर आहे ना ते त्याच्याच बोटाने, मशीन बंद असताना, त्याला चाचपायला लावले. मग त्याने विचारले, "सबा, ही सगळी साधने नारिंगी का?"

आम्ही म्हटले, दिसावीत म्हणून.

"पण ही भिंतीवरच असतात. न दिसायला काय?"

मखसानमध्ये थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यापैकी एकाने सांगितले. त्या जानेवारीतल्या शुक्रवारी सकाळी नगरियात थंडी फार होती. शेगडी पेटवायला त्याने मशीनच्या कडेचे लाकडाचे तुकडे उचलून आत टाकले. त्यांत ढकलकाठी होती. ती इतर तुकड्यांसारखीच दिसत होती. दुपारी भाऊ इकडेतिकडे शोधत होता तेव्हा याला आठवले, आणि हा म्हणाला, "शेवटचीच पट्टी आहे, मार." हे त्याने चाळीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते.

दुसरा म्हणाला, "मला ठाऊक होते. मला हॉस्पिटलात न्यायला काढले तेव्हा शेगडीचे दार उघडे होते. तिचे खाचेचे टोक दिसत होते."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचे? पट्टी मीच मारली."

नातवाला सगळे मराठी समजत नाही. आम्ही त्याच्यासाठी हिब्रूत सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. थोड्या वेळाने त्याने पट्टी पाटावर ठेवली, ठोकळ्याला टेकवली, शिकंजा आवळला, दोन्ही हात मुठींवर ठेवले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली. आठही काप त्याने केले. एकदाही त्याचा हात तांबड्या रेघेच्या आत गेला नाही, कारण जायला कारणच नव्हते. चौकट जुळवल्यावर चौथ्या कोपऱ्यात कागद जाईल एवढी फट राहिली. पोर हिरमुसले. आम्ही त्याला बारीक भुसा आणि सरस कालवून कशी भरायची ते दाखवले. एवढे माफ असते.

बोर्ड अजून पुरा व्हायचा आहे. बर्च प्लायवुडची फळी बसली आहे, खिसे कापून झाले आहेत, पण पॉलिश कोणते द्यावे यावर आमच्यात मतभेद आहेत आणि वहिनी म्हणते की जुन्या बोर्डावर ती जिंकते तेच बरे. नातवाने आपला नवा पाट नारिंगी रंगवून सातव्या खिळ्याला लावला आहे. आपल्यापैकी ज्यांच्या मुलांनी घरी असे मशीन घेतले असेल त्यांनी मापे घ्यायला शाबाथ सोडून केव्हाही यावे. बूट आणि फणी आम्ही जास्तीच्या करून ठेवल्या आहेत; त्या नेता येतील. सरकता पाट मात्र ज्याच्या त्याच्या मशीनच्या खाचांवर बेतावा लागतो, म्हणून येताना खाचेची रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहून आणावी.